सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन : दोन महायुद्धांतून गेलेली जहाज कंपनी

२७ मार्च १९१९ रोजी मुंबईत सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली. त्यानंतर नवव्या दिवशी, ५ एप्रिलला, कंपनीचे पहिले जहाज मुंबई बंदरातून लंडनकडे निघाले. इतक्या थोड्या अवधीत जहाज बांधून होत नाही आणि त्या काळात ते सहजी विकतही मिळत नव्हते. सिंदियाच्या हाती ते आले याचे कारण नुकतेच संपलेले महायुद्ध. पुढे वीस वर्षांनी दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि कंपनीची अनेक जहाजे त्याने गिळली. एका युद्धाने दिले आणि दुसऱ्याने घेतले, इतकाच हिशेब मात्र या संस्थेचा नाही. दोन्ही युद्धांत सरकारला जहाजे हवी होती. ती जहाजे ज्या देशाची, त्या देशाचा व्यापारावरचा हक्क कबूल करायची वेळ आली की सरकार मागे सरत होते. सिंदियाचा सगळा इतिहास या एका भांडणाचा आहे.

धारूरहून निघणाऱ्या स्मरणिकेत या कंपनीला जागा द्यायला तसे कारणही आहे. कंपनीच्या संस्थापकांपैकी वालचंद हिराचंद दोशी हे सोलापूरचे. २३ नोव्हेंबर १८८२ चा त्यांचा जन्म. बालाघाट उतरून धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) ओलांडले की त्यांचे गाव लागते. रावळगाव आणि वालचंदनगर ही त्यांनी उभारलेली साखरेची ठिकाणे, त्यामुळे दर दिवाळीनंतर कोयते घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्या आपल्या भागाला वालचंद हे नाव परके नाही. त्याच माणसाने आयुष्याची तीसेक वर्षे जहाजांसाठी घालवली, हे मात्र आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. दुसरे कारण बाजाराचे. धारूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि त्या राज्याला स्वतःचे एकही बंदर नव्हते. मराठवाड्याचा कापूस आणि तेलबिया परदेशी जायच्या त्या मुंबईहून आणि परक्याच्या बोटीतून. बोटीचे भाडे कोण ठरवतो, यावर डोंगरातल्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडणार हे ठरत होते.

‘लॉयल्टी’चा पूर्वेतिहास

कंपनीचे पहिले जहाज ‘लॉयल्टी’. त्याचे मूळ नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. इंग्लंडमधील बॅरो येथे ते बांधले गेले आणि १८९० च्या ऑगस्टमध्ये पाण्यात उतरले. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीने टपाल आणि प्रवासी यांच्यासाठी एकाच घडणीची तीन जहाजे बांधून घेतली होती, त्यांतले हे एक. वजन सुमारे ५,९०० टन. पांढरे अंग आणि जुन्या शिडाच्या जहाजांसारखी पुढे झुकलेली नाळ. व्हँकुव्हर, योकोहामा, हाँगकाँग या मार्गावर त्याने वीस वर्षांहून अधिक काळ फेऱ्या केल्या. १९०३ मध्ये त्याची एका चिनी युद्धनौकेशी टक्कर झाली आणि ती युद्धनौका बुडाली.

१९१४ च्या अखेरीस ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी हे जहाज विकत घेतले. पहिले महायुद्ध सुरू होऊन काही महिनेच झाले होते आणि हिंदी फौजा समुद्रापार पाठवल्या जात होत्या. महाराजांनी जहाजाचे इस्पितळ करून ते हिंदी जखमी सैनिकांच्या सेवेला दिले. जानेवारी १९१५ मध्ये त्याचे नाव ‘लॉयल्टी’ झाले. साम्राज्याशी राजनिष्ठा सांगणारे हे नाव होते. याच वर्षांत इराकच्या मोहिमेत मराठा पलटणी लढत होत्या. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर गेलेल्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणींनी तिथे मोठी हानी सोसली, आणि एप्रिल १९१६ मध्ये कूट पडले तेव्हा तिथे वेढ्यात अडकलेली फौज कैदेत गेली. मुंबईच्या धक्क्यांवर त्या काळात इस्पितळी बोटी लागणे ही नित्याची गोष्ट होती.

युद्ध संपले आणि ग्वाल्हेर दरबाराला या बोटीची गरज उरली नाही. वालचंदांनी नेमकी ही वेळ साधली. युद्धात जर्मन पाणबुड्यांनी लक्षावधी टनांची जहाजे बुडवली होती. जगभर बोटींचा दुष्काळ होता, भाडी आकाशाला भिडली होती आणि माल गोदीत पडून होता. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना सोबत घेऊन वालचंदांनी ‘लॉयल्टी’ खरेदी केली आणि साडेचार कोटी रुपयांच्या अधिकृत भांडवलाची कंपनी काढली. जहाजाच्या आधीच्या धन्याचे घराणे कंपनीच्या नावात आले. नरोत्तम मोरारजी पहिले अध्यक्ष झाले.

‘लॉयल्टी’ने कंपनीला फार पैसा मिळवून दिला नाही. अठ्ठावीस वर्षे वापरलेली ती प्रवासी बोट होती. कोळसा फार खायची आणि दुरुस्तीला अंत नव्हता. १९२३ मध्ये ती मुंबईतच मोडीत निघाली. तरीही तिची पहिली सफर विसरली गेली नाही. हिंदी मालकीची बोट हिंदी बंदरातून विलायतेला गेली, एवढी गोष्ट त्या वर्षी पुरेशी होती.

आधी ठेचा खाल्लेले

सिंदियाच्या आधी हे धाडस कुणी केले नव्हते असे नाही. १८९३ च्या सुमारास जमशेटजी टाटांनी एका जपानी कंपनीला हाताशी धरून मुंबई ते जपान बोटी सुरू केल्या. मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीन-जपानकडे जात होते आणि त्यावर पी अँड ओ कंपनीचे भाडे भारी होते. टाटा उतरताच पी अँड ओने भाडे इतके पाडले की टाटांना गाशा गुंडाळावा लागला. १९०६ मध्ये तुतिकोरीनला व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढून ‘गॅलिया’ आणि ‘लावो’ या दोन बोटी कोलंबोच्या मार्गावर घातल्या. तिथे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘बी.आय.’, समोर उभी होती. तिने तिकिटे जवळजवळ फुकट केली. १९०८ मध्ये पिळ्ळैंना राजद्रोहाच्या आरोपावरून तुरुंगात टाकले गेले आणि कंपनी बुडाली.

या सगळ्यांना पुरून उरण्याची तजवीज बी.आय.ने पद्धतशीर केली होती. वर्षभर सगळा माल तिच्याच बोटीने पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला भाड्यातला काही हिस्सा परत मिळे. तो लगेच मिळत नसे, काही महिने कंपनीकडेच अडकून राही. मधेच एखादी खेप दुसऱ्या बोटीने पाठवली की साचलेली सगळी सूट बुडे. मोंढ्यात एका आडत्याकडे बाकी अडकलेला शेतकरी दुसऱ्याच्या दुकानाची पायरी चढत नाही, तशी मुंबई-रंगूनच्या व्यापाऱ्यांची गत होती.

भाड्याची लढाई आणि १९२३ चा करार

सिंदियाने मालवाहू बोटी घेतल्या आणि किनारी व्यापारात उतरली. त्या बोटींच्या नावांची सुरुवात ‘जल’ या शब्दाने होऊ लागली : जलदूत, जलराजन, जलतरंग, जलपालक, जलबाला, जलपद्म. बर्मी तांदूळ मुंबईला आणायचा, कलकत्त्याचा कोळसा पश्चिम किनाऱ्यावर न्यायचा, मीठ आणि लाकूड वाहायचे, असे हे काम होते. रंगून ते मुंबई तांदळाचे भाडे टनाला १८ रुपये होते. बी.आय.ने ते ६ रुपयांवर आणले. हा दर कोळशाच्या खर्चालाही पुरत नव्हता. बी.आय.चे धनी लॉर्ड इंचकेप यांच्या मागे पी अँड ओचे भांडवल होते आणि सरकारी टपालाचे ठेके होते. सिंदियामागे मुंबईतले भागधारक होते, आणि त्यांतले काही धास्तावले होते.

इंचकेप यांनी कंपनी विकत घेण्याची तयारी दाखवली. संचालकांनी ती नाकारली. पण लढत राहणेही परवडणारे नव्हते, म्हणून १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाचा एकूण जहाजभार ७५,००० टनांच्या वर जाणार नाही, कंपनी किनारी मालवाहतुकीपुरतीच राहील, परदेशी मार्गांवर आणि प्रवासी वाहतुकीत पडणार नाही, अशा त्याच्या अटी होत्या. कंपनीच्या इतिहासात या करारावर पुष्कळ टीका झाली आहे आणि ती रास्तही आहे. स्वतःच्या किनाऱ्यावर आपण किती बोटी चालवायच्या हे परक्या कंपनीने ठरवावे, यात मानहानी होती. पण टाटांची आणि पिळ्ळैंची बोट जिथे बुडाली तिथे सिंदिया तरली, हेही या कराराचेच फळ.

कंपनीने लढाईची जागा बदलली. १९२८ मध्ये सिंदियाचे व्यवस्थापक राहिलेले साराभाई नेमचंद हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले. हिंदी किनाऱ्यावरची वाहतूक हिंदी मालकीच्या जहाजांसाठी राखून ठेवावी, ही त्याची मागणी होती. युरोपीय सभासदांनी त्याला कडवा विरोध केला आणि ते कायदा होऊ शकले नाही, पण ‘किनारा आमचा’ हा मुद्दा त्यामुळे काँग्रेसच्या कार्यक्रमात रुजला. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी मोटार अपघातात वारले आणि वालचंद अध्यक्ष झाले. पुढची एकवीस वर्षे ते त्या जागेवर होते.

बोटीवरची माणसे

संचालकांची नावे कागदोपत्री राहतात, बोट चालवणाऱ्यांची राहत नाहीत. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकवर कोकणातली माणसे असत. रत्नागिरी-कुलाब्याच्या खाडीकाठच्या गावांतून घराण्याच्या घराणी जहाजावर जात. सारंग हा त्यांचा म्होरक्या, त्याच्या हाताखाली टिंडल आणि मग खलाशी. भरतीही बहुतेक सारंगाच्याच हातात असे. खाली बॉयलरपाशी कोळसा टाकणारे आगवाले बहुतांशी पंजाब-सरहद्दीकडचे. बोटीवरचे अधिकारी मात्र गोरे. हिंदी माणसाला कप्तान किंवा इंजिनिअर होण्याचे शिक्षणच देशात नव्हते. १९२७ मध्ये मुंबई बंदरात ‘डफरिन’ ही प्रशिक्षण नौका सुरू झाली. हे जहाजही १९०४ मध्ये सैन्य वाहण्यासाठी बांधलेले आणि पहिल्या महायुद्धात वापरलेले होते. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलांना ब्रिटिश कंपन्या दारात उभे करीत नसत. सिंदियाने त्यांना बोटीवर घेतले. स्वतंत्र भारताच्या व्यापारी जहाजांवर पहिल्या पिढीचे जे हिंदी कप्तान दिसले त्यांत या मुलांचा वाटा मोठा होता. डफरिनच्याच पहिल्या तुकडीतले रामदास कटारी पुढे भारतीय नौदलाचे पहिले हिंदी प्रमुख झाले.

दुसरे महायुद्ध

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा हिंदी मालकीची सगळी जहाजे मिळून दीड लाख टनांच्या आसपास भरत होती. त्यांत सिंदिया सर्वांत मोठी. हज यात्रेकरूंसाठी तिने ‘एल मदिना’ आणि ‘एल हिंद’ या नव्या बोटी काढल्या होत्या, आणि मुंबई-कोकण बोटी चालवणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही तिच्या पंखाखाली आली होती. सरकारने जहाजे ताब्यात घेतली. कुठे जायचे, काय भरायचे आणि भाडे किती, हे सरकार ठरवू लागले.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि बंगालचा उपसागर रणांगण झाला. जानेवारी १९४२ मध्ये सिंदियाच्या तीन बोटी गेल्या. १४ जानेवारीला सुमात्राजवळ जपानी पाणबुडीने ‘जलराजन’ बुडवली. महिना संपता संपता, मद्रासच्या बाजूला, ‘जलतरंग’ आणि ‘जलपालक’ एका दिवसाच्या अंतराने बुडाल्या. दोन्ही एकाच जपानी पाणबुडीच्या शिकार. ८ मार्चला रंगून पडले. कंपनी जिथून वाढली तो तांदळाचा मार्गच बंद झाला. ब्रह्मदेशातून दरसाल दहा लाख टनांहून अधिक तांदूळ हिंदुस्थानात येत होता, तो थांबला. अन्नधान्याच्या टंचाईची आणि रेशनची पुढची वर्षे, बंगालचा १९४३ चा दुष्काळ, यांच्या अनेक कारणांत हेही एक होते.

पश्चिम किनाराही सुरक्षित नव्हता. ऑक्टोबर १९४३ मध्ये ‘जलबाला’ मलबारच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने बुडवली. १६ मार्च १९४४ ला कलकत्त्याहून चितगावकडे सैनिक घेऊन निघालेली ‘एल मदिना’ जपानी पाणबुडीच्या तडाख्यात सापडली आणि सुमारे ३८० माणसे गेली. यात्रेकरूंसाठी बांधलेली बोट सैनिकांसह तळाला गेली.

त्यानंतर महिन्याच्या आत आघात मुंबईच्या गोदीतच झाला. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभे होते. त्याच्या पोटात जवळपास चौदाशे टन स्फोटके होती आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठीही होत्या. सोन्याच्या विटाही होत्या. दुपारी दीडच्या सुमारास धूर दिसला. कापसाची आग विझेना. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. लगतच्या धक्क्याला सिंदियाची ‘जलपद्म’ लागलेली होती. जवळपास चार हजार टनांच्या त्या बोटीचा मागचा भाग पाण्यातून उचलला जाऊन धक्क्यावरच्या शेडवर जाऊन पडला. ‘एल हिंद’ही त्याच दिवशी जळाली. मुंबईच्या अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. सिंदियाच्या दृष्टीने पाहिले तर हजच्या दोन्ही बोटी महिन्याभराच्या आत संपल्या होत्या.

दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या अविभाजित हिंदुस्थानातल्या व्यापारी खलाशांची नोंद मुंबई आणि चितगाव या दोन स्मारकांत आहे. ती संख्या सहा हजारांहून अधिक आहे. यांतले बहुतेक ब्रिटिश बोटींवर होते, काही सिंदियाच्या. त्यांना पगार ब्रिटिश खलाशापेक्षा कितीतरी कमी मिळत असे. पाणबुडीचा मारा मात्र दोघांना सारखाच होता.

गोदी : विशाखापट्टणम

बोटी बुडत असताना नव्या बांधायला देशात जागा नव्हती. वालचंदांना हे युद्धाआधीच दिसले होते. गोदीसाठी त्यांची पहिली पसंती कलकत्त्याला होती, तिथे हवी तशी जागा मिळाली नाही, म्हणून विशाखापट्टणम निवडले गेले. २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. त्या काळात वालचंद बंगळूरला विमानांचा कारखाना उभारत होते आणि मोटारींच्या कारखान्याची जुळवाजुळवही चालू होती. युद्धामुळे ब्रिटिश माल यायचा बंद झाला की देशी कारखान्याला वाव मिळतो, हे गणित त्यांनी पहिल्या महायुद्धात पाहिले होते.

६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टणमवर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले आणि गोदीचे काम मंदावले. त्यामुळे युद्धात ज्या गोदीची सर्वांत जास्त गरज होती तिचे पहिले मोठे जहाज युद्ध संपल्यावर अडीच वर्षांनी तयार झाले. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते सुमारे ८,००० टनांचे ‘जल-उषा’ पाण्यात सोडले गेले. स्वतंत्र भारतात बांधलेले हे पहिले मोठे वाफेचे जहाज. गोदी चालवणे पुढे खासगी कंपनीच्या आवाक्याबाहेर गेले, आणि १९५२ मध्ये सरकारच्या मोठ्या भागीदारीने तिची ‘हिंदुस्थान शिपयार्ड’ झाली.

हक्क मिळाला तो दिवस

युद्धात हिंदी जहाजांचे काय झाले ते पाहून सरकारनेच नेमलेल्या सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या उपसमितीने १९४७ मध्ये अहवाल दिला. किनारी व्यापार पूर्णपणे हिंदी जहाजांकडे असावा, ब्रह्मदेश-सिलोनसारख्या शेजारी देशांशी चालणाऱ्या व्यापाराचा तीन-चतुर्थांश हिस्सा आणि दूरच्या व्यापाराचा निम्मा हिस्सा त्यांना मिळावा, आणि काही वर्षांत देशाचा जहाजभार २० लाख टनांवर न्यावा, अशी त्यात शिफारस होती. स्वातंत्र्याच्या वेळी तो २ लाख टनांच्याही आत होता. यावरून अंतर किती होते ते कळते. पण १९२८ मध्ये हाजींच्या विधेयकात जी मागणी होती ती आता सरकारी कागदावर आली होती. १९५० च्या सुमारास किनारी वाहतूक हिंदी जहाजांसाठी राखून ठेवण्याचे धोरण अमलात आले. १९४८ मध्ये ‘जल-आझाद’ आणि ‘जल-जवाहर’ या प्रवासी बोटी घेऊन सिंदियाने विलायतेचा मार्ग पुन्हा धरला. ‘लॉयल्टी’नंतर जवळजवळ तीस वर्षांनी.

वालचंद १९५० मध्ये अध्यक्षपदावरून उतरले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे वारले. पुढच्या काळात कंपनीचा कारभार नरोत्तम मोरारजींच्या सूनबाई सुमती मोरारजी यांच्याकडे होता. विशीतच त्या कंपनीच्या कामात आल्या होत्या. १९५६ मध्ये त्या हिंदी जहाजमालकांच्या संघाच्या अध्यक्ष झाल्या. जगात अशा संघाचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. कंटेनरचे युग आले, भाड्याचे बाजार बदलले आणि १९८० च्या दशकात कंपनी उतरणीला लागली. बॅलार्ड इस्टेटमधील ‘सिंदिया हाऊस’मध्ये पुढे सरकारी कचेऱ्या आल्या.

१९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ‘लॉयल्टी’ निघाल्याचा तो दिवस. पण या संस्थेचे मोजमाप त्या एका सफरीवरून करू नये, आणि शेवटच्या तोट्याच्या वर्षांवरूनही करू नये. तिने तीन गोष्टींचा आग्रह तीस वर्षे सोडला नाही : किनारा आपल्या बोटींचा, बोटीवरचे अधिकारी आपले, आणि बोट बांधणारी गोदी आपली. पहिले महायुद्ध संपले तेव्हा यातले काहीच देशाकडे नव्हते. दुसरे संपल्यावर पाच वर्षांत या तिन्ही गोष्टींचा पाया पडलेला होता. कंपनी बंद पडली तरी यांतली कुठलीही गोष्ट परत गेली नाही.